भांडं तिरकं झालं की उष्णतेचा हिशोब बदलतो, ते चित्रही छापा

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या विज्ञानाच्या पानावर अभिसरणाची जी चौकट आली होती त्याबद्दल हे पत्र आहे, थोडं लांब होणार आहे पण जमलं तर पूर्ण छापा ही विनंती. चौकटीत नेहमीचं चित्र होतं, बीकर, खाली बर्नर, मधून वर जाणारे लाल बाण, कडेने खाली उतरणारे निळे बाण, आणि चित्राखाली ठळक अक्षरात 'उष्णता नेहमी वर जाते'. मी फिजिक्सच्या लॅबमध्ये तीसेक वर्षं असिस्टंट म्हणून काम केलंय, परमँगनेटचा खडा बीकरच्या तळाशी सोडून ती जांभळी रेघ वर चढताना शेकडो वेळा बघितलीये आणि मुलांना दाखवलीये, त्यामुळे त्या चित्राशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते खालच्या ओळीशी, आणि प्रत्येक चित्रात भांडं सरळच का उभं असतं याच्याशी.

आधी ओळीचं बोलते. उष्णता गरमाकडून गाराकडे जाते, मग तो गार भाग वर असो, खाली असो नाहीतर बाजूला असो. वर चढतं ते गरम झालेलं पाणी किंवा हवा, कारण गरम झाल्यावर ती फुगते, हलकी होते आणि शेजारचं जड गार पाणी तिच्या खाली घुसून तिला वर ढकलतं. आणि हेही नेहमीच होतं असं नाही. 0 ते 4 अंशांच्या मधलं पाणी गरम केलं तर ते फुगायच्या ऐवजी आकसतं, जड होतं, म्हणजे तिथे थोडं जास्त गरम पाणी चक्क खाली बसतं. म्हणजे खरा प्रश्न हलकं कोण आणि जड कोण हा आहे, आणि त्यांची जागा ठरवतं गुरुत्वाकर्षण. एकदा हे मान्य केलं की लगेच पुढचा प्रश्न येतो की गुरुत्वाकर्षण भांड्याच्या कुठल्या भिंतीकडे ओढतंय, आणि इथेच भांडं तिरकं असणं महत्त्वाचं ठरतं.

सरळ भांड्याची गोष्ट नीट समजल्याशिवाय तिरक्याची गंमत कळत नाही म्हणून थोडं मागे जाते. फ्रान्समध्ये आंरी बेनार यांनी 1900 साली वितळलेल्या मेणासारख्या पदार्थाचा पातळ थर खालून तापवला आणि वर मधमाशीच्या पोळ्यासारखी षटकोनी नक्षी उमटलेली बघितली. 1916 मध्ये लॉर्ड रेले यांनी त्याचं गणित मांडलं, की थर गरम होऊन हलका होतो तेव्हा त्याला वर ढकलणारा जोर एका बाजूला, आणि द्रवाचा चिकटपणा आणि उष्णतेचं आपोआप पसरून जाणं दुसऱ्या बाजूला, अशी ओढाताण असते. (बेनार यांच्या उघड्या पातळ थरात पृष्ठताणाचाच हात मोठा होता हे नंतर 1950 च्या दशकात स्पष्ट झालं, पण रेले यांचं गणित झाकलेल्या थराला बरोबर लागू पडतं.) या ओढाताणीचा जो आकडा निघतो त्याला रेले नंबर म्हणतात, आणि वरखाली दोन्हीकडे घट्ट प्लेट असलेल्या सपाट थरात हा आकडा 1708 च्या खाली असेल तर द्रव अजिबात हलत नाही. खाली गरम आहे, वर गार आहे, हलकं खाली आहे आणि जड वर आहे, तरी सगळं स्थिर. उष्णता फक्त वहनाने वर पोचते. मला पहिल्यांदा हे कळलं तेव्हा फार आश्चर्य वाटलं होतं, कारण बीकरच्या चित्रात हा थांबलेला टप्पा कुठेच नसतो.

तो टप्पा नसतो याचंही कारण आहे. रेले नंबरमध्ये थराची जाडी घन करून येते. पाण्याचा 5 मिमीचा थर घेतला तर खोलीच्या तापमानाला प्रवाह सुरू व्हायला वरखाली साधारण 0.7 अंशाचा फरक लागतो, आणि तोच थर 5 सेमी केला की अंशाच्या हजाराव्या भागाहूनही कमी फरक पुरतो. बीकर तर त्याहून खोल असतो, म्हणजे बर्नर पेटायच्या आधीच तो उंबरठा ओलांडलेला असतो.

आता भांडं तिरकं करा. अगदी थोडं, दोन अंश. हा 1708 चा उंबरठा, म्हणजे 'काहीच हलत नाही' हा टप्पा, नाहीसाच होतो. कितीही बारीक फरक असला तरी प्रवाह सुरू होतो, आणि का होतो ते इतकं साधं आहे की ते शाळेतच सांगायला पाहिजे असं माझं मत आहे. द्रव स्थिर राहायचा असेल तर एका पातळीवरच्या सगळ्या ठिकाणी त्याची घनता सारखी असायला हवी, म्हणजे एका पातळीवर दाब सारखा राहतो आणि कोणी कोणाला ढकलत नाही. सपाट थरात हे जमतं, कारण सारख्या तापमानाचे पट्टे प्लेटला समांतर म्हणजेच जमिनीला समांतर असतात. प्लेट तिरक्या केल्या की ते पट्टेही तिरके होतात, आता जमिनीला समांतर एक रेघ मारली तर तिचं एक टोक गरम प्लेटला लागतं आणि दुसरं गार प्लेटला, म्हणजे एकाच पातळीवर एकीकडे हलकं आणि दुसरीकडे जड, आणि अशा स्थितीत द्रवाला स्थिर राहताच येत नाही. मग गरम प्लेटला चिकटून एक धार उताराच्या वरच्या अंगाला चढते, गार प्लेटला चिकटून दुसरी धार खाली उतरते. सरळ भांड्यात प्रवाह सुरू व्हायला ठराविक आकडा पार करावा लागतो, तिरक्या भांड्यात तो सुरू व्हायला नुसता तिरकेपणा पुरतो.

हे मी पुस्तकात वाचलं त्याच्या आधी लॅबमध्ये अनुभवलं होतं. आमच्याकडे एक चौकोनी काचेची पेटी होती, खाली तांब्याची प्लेट, तिच्यामागे हीटर, वर दुसरी तांब्याची प्लेट आणि तिच्यावरून गार पाणी फिरवलेलं, आत पाणी भरलेलं आणि भिंतींना मध्यावर थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारे तारांचे जोड, लावलेले. सरळ पेटीत आतल्या पाण्याचं मोठं चक्र, एका बाजूने वर आणि दुसऱ्या बाजूने खाली फिरणारं, कधी या बाजूने वर जातं तर कधी त्या बाजूने, ते भटकतं, आणि मुलांना तेच दाखवायचं होतं. पण एका वर्षी ते काही भटकेना. डावीकडचा थर्मोकपल कायम जास्त दाखवायचा, उजवीकडचा कायम कमी, तीन दिवस आम्ही थर्मोकपल बदलले, वायरी बदलल्या, डाव्याचा उजवीकडे लावून बघितला, बर्फाच्या पाण्यात घालून परत शून्य तपासला, सगळं ठीक, तरी डावीकडे गरम ते गरमच. शेवटी मी पेटीवर पाणसळ ठेवली. बुडबुडा डावीकडे सरकलेला, म्हणजे डावी बाजू उंच. खाली वाकून बघितलं तर टेबलाच्या उजव्या पायाची रबरी टोपी निघून पडलेली, अर्ध्या बोटाएवढी टोपी. खालच्या गरम प्लेटवरची धार उताराने उंच बाजूला चढत होती आणि तिथूनच वर जात होती, चक्राला दिशा मिळाली होती आणि ते ती सोडत नव्हतं. टोपी परत बसवली, पाणसळीचा बुडबुडा मधे आणला आणि दोनेक तासांत ते चक्र परत भटकायला लागलं.

आणि यातली माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी की त्या तीन दिवसांत हीटरच्या पॉवरच्या नोंदी जवळपास जशाच्या तशा होत्या. प्रवाह बदलला होता, उष्णता जेवढी जायची तेवढीच जात होती. नंतर वाचनात आलं की 2006 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बराच्या संशोधकांच्या गटाने पाण्यात हेच फार बारकाईने मोजलं होतं, थोड्या तिरकेपणाने आतल्या मोठ्या चक्राचा वेग चांगलाच वाढतो पण एकूण उष्णता नेण्यात नाममात्र फरक पडतो. चक्राची दिशा पक्की करायची म्हणून संशोधक तर पेटी मुद्दाम अंशभर तिरकी करतात. 'प्रवाह जोरात म्हणजे उष्णता जास्त' हे आपण सगळेच धरून चालतो आणि ते प्रत्येक वेळी खरं नसतं.

याच्या उलटही होतं म्हणून सोलर हीटरचं उदाहरण देते, सपाट पेटीवाला, ज्यात काळा पत्रा खाली आणि काच वर आणि मधे हवेची फट असते. ही पेटी कायमच तिरकी बसवलेली असते, म्हणजे तिच्यातली हवा कधीच स्थिर नसते, पत्र्याला लागून वर आणि काचेला लागून खाली अशी फिरतच असते. पण लांब पातळ फटीत ही धार नुसती उताराच्या दिशेने धावते, पत्र्याची उष्णता आडवी ओलांडून काचेपर्यंत नेण्याचं काम ती फारसं करत नाही, फक्त दोन टोकांना जिथे वळते तिथे करते. खरी चोरी सुरू होते ती पुढच्या टप्प्यात. गुरुत्वाकर्षणाचा जो हिस्सा प्लेटला काटकोनात ओढतो तेवढाच धरून रेले नंबर काढायचा, म्हणजे नेहमीच्या आकड्याला तिरकेपणाच्या कोनाच्या कोसाइनने गुणायचं, आणि तो 1708 च्या वर गेला की त्या धावत्या धारेत रोल तयार होतात, उताराच्या दिशेने लांबलेले, स्क्रूच्या आट्यांसारखे, हवा वर चढताचढता गोल फिरते आणि प्रत्येक फेरीत पत्र्याची उष्णता काचेला देऊन येते. म्हणजे उंबरठा परत आला, फक्त तो आता प्रवाह सुरू होण्याचा राहिला नाही, आडवी उष्णता नेण्याचा झाला. फार उभ्या कोनात परत चित्र पालटतं, तिथे रोल आडवे पडतात आणि ते दोन उलट धारांच्या एकमेकींना घासण्यातून जन्मतात.

1976 मध्ये कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठाच्या हॉलंड्स आणि सहकाऱ्यांनी तिरक्या हवेच्या थरासाठी एक सूत्र दिलं, 0 ते 75 अंशांपर्यंत चालतं, अजूनही वापरात आहे. ते घेऊन मी वहीत आकडे मांडले. पत्रा आणि काच यांच्यात 30 अंशांचा फरक, हवेचं सरासरी तापमान 50 अंश, पेटी 30 अंश तिरकी. फट 25 मिमी असेल तर रेले नंबर साधारण 31 हजार येतो आणि हवा नुसती स्थिर असती तर जेवढी उष्णता गेली असती त्याच्या जवळपास तिप्पट जाते. हीच पेटी 60 अंशांपर्यंत उभी केली तर तिप्पटच्या जागी अडीचपट. आता फट निम्मी करा, साडेबारा मिमी, रेले नंबर एकदम आठ पटीने कमी होतो, रोल मंदावतात, आता स्थिर हवेच्या फक्त दीडपट उष्णता जाते, पण फटच निम्मी झाल्यामुळे त्या स्थिर हवेतूनच दुप्पट उष्णता झिरपायला लागलेली असते, आणि गुणाकार केला की दोन्ही फटींतून जाणारी उष्णता जवळपास सारखी निघते! मी तीन वेळा तपासलं. फट अजून थोडी कमी केली की, 10 मिमीच्या आसपास, जिथे आडवे नेणारे रोल जेमतेम सुरू व्हायच्या बेतात असतात तिथे गळती थोडी कमी होते आणि त्याहून फट बारीक केली की परत वाढते. (प्रारणाने जाते ती वेगळी, ती यात धरली नाहीये.) म्हणून जाड फट म्हणजे जास्त बचत असं जे सरसकट सांगितलं जातं ते तसं नाही. छपरातली तिरकी दुहेरी काचही याच हिशोबात येते, खोली गरम आणि बाहेर थंडी असेल तर उभ्या खिडकीत बसवलेल्या काचेपेक्षा तीच काच छपरात तिरकी बसवल्यावर जास्त उष्णता बाहेर जाऊ देते, म्हणजे उभी धरून मोजलेला आकडा छपराला जसाच्या तसा लावता येत नाही.

काचेच्या नळ्यांच्या सोलर हीटरबद्दल तर तुमच्या त्या ठळक ओळीला उत्तरच आहे. या नळ्या दुहेरी काचेच्या, मधे निर्वात, आत पाणी, खालचं टोक बंद आणि वरचं टोक टाकीत. ऊन पडतं नळीच्या वरच्या अंगावर, म्हणजे पाणी वरून तापतं. सपाट थर वरून तापवला तर काय होतं, काहीच होत नाही, हलकं आधीच वर आहे, ते तिथेच बसून राहतं. तिरक्या नळीत मात्र वरच्या भिंतीला लागून तापलेलं पाणी त्या भिंतीच्याच आधाराने टाकीकडे चढतं आणि टाकीतलं गार पाणी खालच्या भिंतीला लागून उतरतं, एकाच नळीत, मधे कुठलाही पडदा नसताना, दोन धारा एकमेकींवरून उलट दिशेने जातात. पंप नाही, व्हॉल्व्ह नाही, ही सगळी तिरकेपणाची करामत आहे. पण दोन धारा घासतात आणि उतरणारी गार धार वाटेतच थोडी तापते, त्यामुळे नळी फार लांब केली तर बंद टोकाशी पाणी जवळपास निवांत पडून राहतं, तो भाग काम करत नाही.

याच 'जाणारे एका बाजूने आणि येणारे दुसऱ्या बाजूने' या शिस्तीचा सगळ्यात मोठा फायदा वितळलेल्या सोडियममध्ये दिसतो. लांब अरुंद उभा नळा, खालून गरम वरून गार, तर त्यात चढणारी आणि उतरणारी धार एकमेकींच्या वाटेत येतात, आपटतात, मिसळतात आणि उष्णता निम्म्या वाटेत परत फिरते. नळा तिरका केला की धारा वरच्या आणि खालच्या भिंतीला वाटून घेतात. रशियातल्या पर्म इथे 2015 च्या सुमाराला झालेल्या सोडियमच्या प्रयोगांत तिरक्या नळ्यातून उभ्यापेक्षा कितीतरी जास्त उष्णता गेलेली दिसली, आणि सगळ्यात जास्त गेली ती नळा पूर्ण उभा नाही आणि पूर्ण आडवा नाही अशा मधल्या कोनात. थंड करायला सोडियम वापरणाऱ्या अणुभट्ट्यांत असे नळे असतात त्यामुळे ही नुसती हौस नाहीये. 2016 मध्ये जर्मनीतल्या ग्यॉटिंगेनच्या शिश्किना आणि त्यांच्या सहकारी हॉर्न यांनी कॉम्प्युटरवर नळकांडं 0 पासून 90 अंशांपर्यंत तिरकं करत नेलं, आणि दिसलं असं की तिरकेपणा वाढला म्हणून उष्णता सरळ वाढत गेली किंवा घटत गेली असं होत नाही, वर जाते, खाली येते, आणि कशी ते द्रव कुठला आहे आणि फरक किती आहे त्यावर ठरतं. माझ्या पेटीत पाणी होतं आणि ती रुंद होती म्हणून फरक पडला नाही, त्यांच्या नळ्यात सोडियम होतं आणि नळा अरुंद होता म्हणून प्रचंड पडला. 'तिरकं केलं की वाढतं' असा एका ओळीचा नियमसुद्धा कृपया कोणी छापू नका.

पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करणाऱ्यांना तर यातलं अर्धं आधीच माहीत असतं. ईएसआरची, म्हणजे रक्तातल्या पेशी किती वेगाने खाली बसतात ते मोजायची, नळी अगदी ओळंब्यात उभी ठेवायची हे त्यांना पहिल्या दिवशी शिकवतात, कारण 3 अंश तिरकी राहिली तरी रीडिंग 30 टक्क्यांपर्यंत वाढू शकतं. 1920 मध्ये इंग्लंडमधले पॅथॉलॉजिस्ट बॉयकॉट यांनी हे लिहून ठेवलं होतं की तिरक्या नळीत रक्ताच्या पेशी उभ्या नळीपेक्षा लवकर बसतात. तिथे उष्णतेचा संबंध नाही, पण कारण तेच, पेशी खालच्या भिंतीवर बसतात, वरच्या भिंतीखाली स्वच्छ हलका द्रव मोकळा होतो आणि त्या भिंतीला लागून भर्रकन वर निघून जातो. म्हणजे तीन अंशांचा तिरकेपणा एखाद्या पेशंटचा रिपोर्ट बदलू शकतो, इतकं हे जवळचं आहे.

म्हणून माझी विनंती अशी आहे. पुढच्या वेळी अभिसरणाची चौकट काढाल तेव्हा 'उष्णता नेहमी वर जाते' ही ओळ काढून 'गरम होऊन हलका झालेला द्रव वर ढकलला जातो' असं लिहा, शब्द थोडे जास्त आहेत पण ते खरे आहेत आणि लहान मुलांनाही कळतात. आणि बीकरच्या शेजारी एक तिरकी नळी काढा. वरून ऊन, वरच्या भिंतीला लागून लाल बाण वर, खालच्या भिंतीला लागून निळा बाण खाली. ज्या मुलाने 'वरून तापवलं तर अभिसरण होत नाही' असं पाठ केलंय त्याला ते चित्र बघून दोन मिनिटं विचार करावा लागेल, आणि तो विचार करता करता त्याला दाब, घनता आणि गुरुत्वाकर्षण एकत्र आणावे लागतील, माझ्या अनुभवात याच्या इतकं शिकवणारं दुसरं चित्र नाही.

तुमच्या चित्रकाराला सोपं जावं म्हणून दोन स्केच हाताने काढून सोबत जोडतेय. एक तिरक्या नळीचं, दुसरं आमच्या जुन्या पेटीचं, डावी बाजू जराशी उंच आणि चक्र डावीकडून वर चढताना. पेटीवर पाणसळ काढलीये आणि तिचा बुडबुडा डावीकडे सरकलेला दाखवलाय, जागा कमी पडली तर बाकी काहीही कापा पण तेवढी पाणसळ राहू द्या.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक